जुनी पॉवरबोट घेताना आधी मागची फळी ठोकून बघा

सोळा फुटी, फायबरची, उघडी बोट. मागे बाहेरून लटकवलेलं ४० एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, वय पंधरा-वीस वर्षं आणि आयुष्य गोड्या पाण्यात गेलेलं. नाशिकच्या धरणांवर पहिली बोट म्हणून हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. याहून चकचकीत, पांढऱ्या गाद्यांची, इंजिन आत बसवलेली स्पीडबोट मुंबईहून ‘मालक परदेशी चाललेत म्हणून’ निम्म्या भावात मिळत असेल, तर तिचा फोटो बघून समाधान मानावं. पहिल्यांदाच बोट घेणारा माणूस फसतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या बोटीत.

किमतीवर बोलण्याआधी पाण्याचं बघा. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं आणि शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः तिथून येतं. त्यामुळे कडेला गाडी लावली आणि बोट सोडली, असं तिथे चालत नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. दारणा, मुकणे, वैतरणा इथेही तेच. जिथे बोट चालवायची तिथली लेखी परवानगी हातात आल्याशिवाय विक्रेत्याला इसार देऊ नका. नांदूरमध्यमेश्वर तर यादीतून काढूनच टाका. ते पक्षी अभयारण्य आहे, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि तिथे तुमच्या टू-स्ट्रोकची कुणी वाट बघत नाहीये. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, आणि राज्यात नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागतं. विक्रेत्याकडे कागद असतील तर त्यावरचा इंजिन नंबर आणि इंजिन बोटीला अडकवणाऱ्या क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या पट्टीचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. बोट किंवा इंजिन परदेशातून आलेलं असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री मागा. ‘कागद करून देतो’ हे वाक्य ऐकू आलं की चहा प्या आणि निघा.

आता बाजारात येतं काय ते बघू.

पहिला प्रकार वर सांगितलाच: १४ ते १६ फुटी फायबरची साधी बोट, २५ किंवा ४० एचपीचा आउटबोर्ड, हातात धरायचा टिलर किंवा साधं स्टिअरिंग. दिसायला गरीब, पण आतलं सगळं हाताला लागतं. काही बिघडलं तर पाना घालायला जागा असते, हा मोठा गुण. दुसरा प्रकार कोकण-गोव्याकडच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्यांनी काढून टाकलेल्या बोटी. यांचे इंजिन-तास विचारू नका, सांगणारा खरं सांगणार नाही. दिवसाला पंचवीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत पूर्ण थ्रॉटल आणि खारं पाणी. त्यातली हवेच्या ट्यूबची असेल तर ट्यूब पीव्हीसीची आहे की हायपॅलॉनची ते विचारा. पीव्हीसीचे चिकटवलेले सांधे आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सुटतात, आणि एक सांधा जोडला की पुढच्या महिन्यात शेजारचा उघडतो.

तिसरा प्रकार आयात केलेल्या १७-१८ फुटी रनअबाउटचा, मागे ९० किंवा ११५ एचपीचा फोर-स्ट्रोक. पैसे असतील तर बोट चांगली, पण ओढायला दणकट गाडी लागते आणि धरणाच्या काठावर तेवढा पक्का उतार बहुतेक ठिकाणी नाही. चौथा म्हणजे स्टर्नड्राइव्ह, ज्यात इंजिन बोटीच्या पोटात आणि पाय, म्हणजे पंखा बसवलेला खालचा भाग, बाहेर. त्या दोघांच्या मध्ये रबराची घडीची नळी असते, तिला बेलोज म्हणतात. ती वेळच्या वेळी बदलायची असते. जुन्या बोटीत ती कधी बदलली ते कुणाला आठवत नसतं, आणि ती फाटली की पाणी सरळ बोटीत येतं. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. नाशिकमध्ये ट्रकचं इंजिन उघडणारे शंभर हात मिळतील, पण गिंबल बेअरिंग काढायचा पुलर त्यांच्यातल्या एकाकडेही नसेल. पहिल्या बोटीला हा प्रकार नको म्हणजे नको.

ट्रान्सम: सगळी किंमत इथे आहे

बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. आउटबोर्डचं वजन आणि त्याचा सगळा रेटा याच भिंतीवर येतो. बाहेरून फायबर दिसतं, पण बहुतेक जुन्या बोटींत दोन फायबर थरांच्या मध्ये साधारण दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं. त्या प्लायवूडला पाणी लागलं की ते कुजतं, आणि वरून रंग मारला की काहीही दिसत नाही. पाणी शिरतं ते भोकांतून: इंजिनाचे बोल्ट, तळातलं पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे स्क्रू, आणि कुणीतरी फिश-फाइंडर लावायला पाडलेली आणि सिलिकॉनने बुजवलेली दोन भोकं. या शेवटच्या भोकांनी जितक्या बोटी मारल्या तितक्या खडकांनी मारल्या नसतील.

तपासायला प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची जाड मूठ पुरते. भिंतीवर वरून खाली, दर दोन इंचांवर ठोका. चांगल्या ठिकाणी टणक, टणटण आवाज येतो. कुजलेल्या ठिकाणी ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा बद्द. कुजणं बुचाच्या आसपास आणि खालच्या दोन कोपऱ्यांत सुरू होतं, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या पायाच्या टोकाला धरा आणि जोरात वर-खाली हलवा. दुसऱ्या माणसाला भिंतीच्या वरच्या कडेवर बोट ठेवून उभं करा. भिंत जराही लवत असेल, किंवा इंजिन बसवलेल्या खाचेच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा पसरलेल्या असतील, तर लाकूड गेलंय. बोल्टांचे वॉशर फायबरमध्ये रुतलेले दिसले तरी तेच. विक्रेता खरोखर विकायला बसला असेल तर आतल्या बाजूने, खाली, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडू देईल. निघालेला भुसा कोरडा आणि पिवळसर असेल तर छान. काळा, ओला, आंबूस वासाचा असेल तर बोलणं तिथेच संपवा किंवा बोट इंजिनाच्या किमतीत मागा. भोक बुजवायला इपॉक्सीचा एक थेंब लागतो. त्याला नाही म्हणणाऱ्याला बहुधा उत्तर आधीच माहीत असतं.

नवा ट्रान्सम बसवता येतो, पण ते काम समजून घ्या. आतलं फायबर कापायचं, कुजलेलं प्लायवूड खरवडून काढायचं, आयएस ७१० दर्जाच्या मरीन प्लायचे १९ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांवर चिकटवून बसवायचे, वर फायबरच्या मॅट आणि वोव्हन रोव्हिंगचे थर द्यायचे, आणि तळाशी व बाजूंना गोलाई देऊन जोडायचं. अंबड-सातपूरकडे फायबरचं काम करणारे टाक्या आणि कव्हरं उत्तम करतात, पण त्यांच्या हाताशी असतं ते पॉलिएस्टर रेझिन. जुन्या लाकडाला आणि जुन्या फायबरला ते हवं तसं धरत नाही, म्हणून चिकटवायचं काम इपॉक्सीतच करायला सांगा. वेळही महत्त्वाची. पावसाळ्यात प्लाय ओलावा धरतं, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की रेझिन नीट सेट होत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल बरा, फक्त दुपारच्या उन्हात एका वेळी थोडंच रेझिन कालवावं लागतं, नाहीतर ते डब्यातच उकळतं. नंतर बोल्टांची आणि बुचाची भोकं जरा मोठी पाडून इपॉक्सीने भरायची आणि मग हव्या त्या मापाची परत पाडायची, म्हणजे लाकूड कुठेच उघडं राहत नाही. बोल्टांना सीलंट पॉलियुरेथेनचं लावा. सिलिकॉन इथे चालत नाही.

तळ ट्रान्समच्याच कुळातला. आत चालून बघा, टाचेने दाबा. फळी मऊ लागली तर खालच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, ओल्या असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच बोटींत तळाखाली फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं त्याने पाणी शोषलं की ते बाहेर येत नाही. याचा शोध घ्यायला नाशिकसारखं सोयीचं गाव नाही: बाजार समितीच्या वजनकाट्यावर बोट ट्रेलरसकट चढवा, मग बोट उतरवून ट्रेलर एकटा मोजा. कांद्याच्या ट्रॉलीला जे करतात तेच. वजा केलेला आकडा कंपनीने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. त्यात इंजिन, बॅटरी आणि टाकीतलं पेट्रोल धरायला विसरू नका. ४० एचपीचा टू-स्ट्रोक ७०-७५ किलोचा, पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास. सगळं धरून शे-दीडशे किलो जास्त भरत असतील तर ते तळाखालचं पाणी आहे, आणि तुम्ही ते विकत घेताय.

गेलकोटमधल्या, म्हणजे फायबरवरच्या रंगीत थरातल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, त्या बहुतेक वरवरच्या असतात. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागे सरळ जाणारी भेग मात्र सोडू नका. खडूसारखी उडणारी पांढरी भुकटी उन्हाची आहे, पॉलिशने जाते. चकाकी हा बोटीचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, आणि विक्रेत्याने पैसे तिच्यावरच खर्च केलेले असतात.

इंजिन: थंड असताना भेटा

विक्रेत्याला फोनवरच सांगा की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर सिलिंडर हेडवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी सकाळी घाम गाळून ते सुरू करून ठेवलंय.

पाण्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका, अर्धा मिनिटसुद्धा नाही. पायाच्या आत रबराचा इम्पेलर असतो, तो पाणी वर ढकलतो. कोरडा फिरला की त्याच्या पाकळ्या जळतात. २०० लिटरचं निळं पिंप वरून कापून घ्या, पाय त्यात बुडवा, पाणी गिअरकेसच्या वर, पंपाच्या पातळीपर्यंत भरा. गिअर टाकू नका, नाहीतर सगळं पिंप अंगावर येईल. इंजिन सुरू झाल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची पेन्सिलएवढी धार सतत यायला हवी. धार थेंबथेंब असेल तर आधी त्या भोकात बारीक तार घाला, कधीकधी गांधीलमाशीने घर केलेलं असतं. तरीही सुधारली नाही तर इम्पेलर गेला असेल किंवा आतले मार्ग मिठाने बुजले असतील. इम्पेलर स्वस्त आहे, बोट घेतल्या घेतल्या न विचारता बदलायचा. मिठाने बुजलेले मार्ग मात्र समुद्रातल्या आयुष्याची खूण आहे, आणि ते काम थर्मोस्टॅटपासून सुरू होऊन तुटलेल्या बोल्टांवर संपतं.

मग कॉम्प्रेशन. इंजिन थोडं गरम करून बंद करा, सगळे स्पार्क प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाला अर्थ करा, नाहीतर ठिणगी देणारं सीडीआय युनिट जळू शकतं. थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या भोकात दाब मोजायचं गेज लावा आणि चार-पाच सेकंद स्टार्टर मारा. बहुतेक निरोगी टू-स्ट्रोक १०० ते १३० पीएसआय दाखवतात, पण गेजगणिक आकडा बदलतो, म्हणून सिलिंडरांमधला फरक बघा. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एक १२० आणि दुसरा ९० असेल तर पिस्टन किंवा रिंग गेली, आणि अशा इंजिनाची किंमत सुट्या भागांची. काढलेले प्लग एका ओळीत ठेवून बघा: सगळे सारखे तपकिरी हवेत. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याचा संशय धरा, म्हणजे हेड गॅस्केट.

खालच्या गिअरकेसचा तळातला स्क्रू अर्धवट सैल करून पहिले थेंब बोटावर घ्या. पाणी जड असल्याने तेच आधी येतं. तेल दुधाळ असेल तर सील गेलंय. धरणाच्या पाण्यात याचं कारण बहुधा एकच: मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळला जातो आणि सील कापतो. म्हणून पंखा काढून शाफ्ट बघा. हिरवा किंवा निळा दोरा निघाला तर सील बदलण्याचे पैसे भावातून वजा करा. नवं गिअर ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर वाद घालणारे खूप. जुन्या बोटीत आमचा कौल बहुतेक वेळा टू-स्ट्रोककडे जातो, त्याचं कारण वजन. ४० एचपीचा फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या घरात जातो. वीस वर्षांपूर्वी सत्तर किलोसाठी बनवलेल्या ट्रान्समवर तो लटकवला की बोट मागे बसते आणि लाट मागून आत येते. पण टू-स्ट्रोक पेट्रोल पितो: पूर्ण थ्रॉटलला तासाला १५ ते २० लिटर धरून चला. नोंदणी करणारं कार्यालय आणि परवानगी देणारा विभाग टू-स्ट्रोक चालू देतो का, हेही आधी विचारून घ्या. पिण्याच्या पाण्यावर हा प्रश्न येणारच. तेलाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. मोटरसायकलचं टू-टी ऑइल आउटबोर्डमध्ये घालायचं नाही. आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं तेल येतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते बनवलेलं असतं. बहुतेक जुन्या इंजिनांना ५०:१, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. मॅन्युअल मिळालं तर त्यातलं प्रमाण वापरा. भाग मिळण्याच्या दृष्टीने यामाहा, सुझुकी, मर्क्युरी यांचे साधे कार्ब्युरेटरवाले मॉडेल बरे. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० साली बंद झालं, त्यामुळे त्यांचं गुंतागुंतीचं इंजेक्शनवालं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी पहिल्या बोटीला नको.

पेट्रोलमधलं इथेनॉल हा जुन्या इंजिनाचा नवा आजार आहे. इ२० पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलावा जास्त झाला की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच उचलते, म्हणजे पहिला घोट पाण्याचा. जुनी रबराची नळी, हाताने दाबायचा बल्ब, कार्ब्युरेटरचे गॅस्केट, पंपाचा डायफ्राम या गोष्टी इथेनॉल यायच्या आधीच्या असतील तर फुगतात आणि मऊ पडतात. बल्ब दाबा: दहा-बारा दाबांत कडक व्हायला हवा आणि तसाच राहायला हवा. नाही झाला तर हवा कुठून तरी आत शिरतेय. घेतल्यानंतर सगळी नळी इथेनॉलला टिकणारी बसवा, मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा. दोन-तीन आठवडे बोट उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होत नाही. तेवढं केलं तर ‘सुरू होत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या मिटतात.

पाण्यात उतरवल्याशिवाय सौदा नाही

पिंपात सगळी इंजिनं गुणी असतात. पाण्यात, दोन-तीन माणसांच्या वजनासह, बोट पाच ते दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटलला चालवायची. आरपीएम मीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो सोबत न्या. ४० एचपीच्या बहुतेक टू-स्ट्रोकना पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० आरपीएम अपेक्षित असतात. आकडा खाली राहिला तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर, जास्त आहे, किंवा एक सिलिंडर झोपलाय. आरपीएम वर उसळतात आणि बोट जागच्या जागी राहते, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. पंख्याच्या मधल्या गाभ्यापासून बाहेरच्या नळीपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की निदान पक्कं.

इथे नाशिकची एक खासियत. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आहोत. हवा विरळ, आणि इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे मुंबईत ४० एचपीची जी बोट झटकन उठायची, ती इथे ६ टक्के ताकद घालवून बसते आणि चार माणसांसह नाळ आकाशाकडे करून रेंगाळते. म्हणून मुंबईहून आणलेल्या बोटीचा पंखा एक इंच कमी पिचचा लावावा लागू शकतो. एक इंचाने १५० ते २०० आरपीएम वाढतात. विक्रेता म्हणेल ‘इंजिन कमजोर नाही, पंखा बदला’ आणि या एका बाबतीत तो कदाचित खरं बोलत असेल. पण कॉम्प्रेशन मोजल्यानंतरच त्याचं ऐका.

आउटबोर्डच्या पायाची लांबीही मोजा. १५ इंची ट्रान्समला शॉर्ट शाफ्ट, २० इंचीला लाँग. लाँग ट्रान्समला शॉर्ट इंजिन लावलं तर पंखा हवा ओढतो. उलट केलं तर पाय खोल ओढला जातो आणि मागे पाण्याचा फवारा उडतो. पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. ही चूक सर्रास दिसते, कारण बोट एकाकडून आणि इंजिन दुसऱ्याकडून येतं.

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका हाताने फिरायला हवं. जड लागलं तर केबलचा दांडा नळीत गंजून अडकलाय. ग्रीसने तात्पुरतं सुटतं, नंतर पुन्हा अडकतं, केबल नवीच घ्यावी लागते. किल स्विचची दोरी ओढून बघा, इंजिन तत्काळ बंद पडायला हवं. ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली असली तरच तिचा उपयोग. वायरिंगचं एखादं टोक कापून बघा: तांबं काळं पडलेलं असेल तर संपूर्ण हार्नेस बदलायचा खर्च धरा. परत आल्यावर तळात किती पाणी साठलं ते पाहा. चार-पाच लिटर समजू शकतो, बादल्या नाही.

ट्रेलर, चिखल आणि पहिला हंगाम

ट्रेलरला आरटीओची स्वतःची नोंदणी लागते, हे विक्रेते सोयीस्करपणे विसरतात. टायरवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ६-७ वर्षांपेक्षा जुने टायर चकाचक दिसले तरी बदला. उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर बाजूने आतून तडकतात. मुंबईहून आणताना कसारा घाटाच्या चढावर ट्रेलर गाडीला मागे ओढतो, आणि वाटेत बेअरिंग तापतात. प्रत्येक थांब्यावर हबला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. बोट ट्रकवर चढवून हायड्रा क्रेनने उतरवणं पहिल्या खेपेला जास्त शहाणपणाचं. पट्टे मात्र रुंद आणि तळाच्या मजबूत भागाखाली हवेत, काठाला नाहीत.

धरणकाठी गरम हब एकदम गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून पोचल्यावर अर्धा तास थांबा. पाणी उतरू लागलं की काठावर काळ्या मातीचा चिखल उघडा पडतो, आणि फेब्रुवारीनंतर तो वाढतच जातो. चारचाकी रुतते. द्राक्षबागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर आणू नका, त्याचं स्वतःचं वजन कमी असतं, ओली बोट वर ओढताना तोच खाली घसरतो. मोठा ट्रॅक्टर आणि पंधरा मीटर लांब दोर, म्हणजे ट्रॅक्टर कोरड्यावर राहतो. पाणी उतरलं की जुन्या विहिरींचे काठ, बांध आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात, त्यामुळे मार्चनंतर वेग निम्मा. धरणाची भिंत आणि दरवाजे यांच्या जवळ कधीच जायचं नाही. सगळ्यांना मापाची लाइफ जॅकेट, एक वल्हं, अग्निशामक, नांगर आणि खोलीच्या पाचपट दोर, एवढं बोटीतून कधी काढायचं नाही.

अ‍ॅनोड, म्हणजे गंज स्वतःवर ओढून घेणारे धातूचे तुकडे, बघा. समुद्रातून आलेल्या बोटीला जस्ताचे अ‍ॅनोड असतात आणि गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, त्यांच्यावर थर बसतो. नाशिकसाठी मॅग्नेशियमचे लावा, आणि बोट कधी समुद्रात नेलीत तर आधी ते काढा, तिथे ते झरझर विरघळतात.

ठेवायची जागा कांदा चाळीसारखी हवी: वर छप्पर, चारी बाजूंनी वारा, जमिनीपासून वर. ताडपत्री घट्ट आवळून बांधली की पावसाळ्यात आत दमट राहतं आणि तुम्ही इतक्या काळजीने तपासलेलं लाकूड दोन वर्षांत कुजतं. नाळ वर, मागचा भाग खाली, बूच काढलेलं. आणि ते काढलेलं बूच इंजिनाच्या चावीलाच बांधून ठेवा. गंगापूरच्या काठावर बोट पाण्यात ढकलून पाचव्या मिनिटाला पायाखाली ओलं लागलं, तर नव्वद टक्के वेळा बूच घरी कपाटात असतं. एक जादा बूच टूलबॉक्समध्येही ठेवा, मापाचं, कारण भोकाचा व्यास बोटीगणिक बदलतो आणि दुकानातलं पहिलं बूच कधीच बसत नाही.